दोन घरांचा माणूस कुठल्या राज्याचा?

भारतात एखाद्याचं एक घर पुण्यात आणि दुसरं पणजीत असलं, तरी आयकराच्या हिशेबात त्याने काही बिघडत नाही. आयकर केंद्राचा. महाराष्ट्र सरकार पगारातून घेतं तो व्यवसाय कर, आणि तोही वर्षाला २,५०० रुपयांच्या वर नेता येत नाही, कारण तशी मर्यादा घटनेनेच घातली आहे. अमेरिकेत केंद्राचा आयकर वेगळा आणि राज्याचा वेगळा. न्यू जर्सीत १० लाख डॉलरांच्या वरच्या उत्पन्नावर राज्याचा दर १०.७५ टक्के आहे. न्यू यॉर्क शहरात राहणाऱ्याला राज्याच्या कराशिवाय शहराचाही आयकर भरावा लागतो. फ्लोरिडात राज्याचा आयकरच नाही. मग ज्याचं एक घर न्यू जर्सीतल्या एडिसनला आणि दुसरं फ्लोरिडातल्या टॅम्पाला, तो माणूस कुठला, हा प्रश्न नुसता गप्पांचा राहत नाही.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये तो आता वरचेवर निघतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेली पिढी निवृत्त झाली. थंडी सोसवत नाही म्हणून कुणी फ्लोरिडात घर घेतलं, आणि नातवंडं इथे आहेत म्हणून इथलंही ठेवलं. अशाच एका घरात ऐकलेलं हे बोलणं. काका टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. पुतणी करविषयक वकील, त्याआधी काही वर्षं राज्याच्या कर खात्यात ऑडिटर. काकांना येत्या वर्षात बरेच शेअर विकायचे आहेत, म्हणून विषय निघाला.

काका: मी सरळ विचारतो. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस मी टॅम्पात काढतो. कॅलेंडरवर खुणा आहेत, बोर्डिंग पास जपून ठेवलेत. १८३ दिवसांची अट पाळली. मग मी फ्लोरिडाचा झालो की नाही?

पुतणी: एवढ्यावरून नाही.

काका: अगं, नाही कसं? मंडळाच्या पिकनिकला सगळे हाच आकडा सांगतात.

पुतणी: आकडा खरा आहे काका, पण तो कुणाला लागतो ते कुणी सांगत नाही. राज्याला तुमच्यापर्यंत यायला दोन दारं आहेत. एक डोमिसाइलचं. म्हणजे तुमचं कायमचं घर, कुठेही गेलात तरी शेवटी जिथे परतायचं असं तुमच्या मनात असतं ते. डोमिसाइल एका वेळी एकच असतं, आणि नवं सिद्ध होईपर्यंत जुनंच चालू राहतं. दुसरं दार दिवसांचं. डोमिसाइल बाहेरचं असलं तरी इथे कायम राहण्याजोगं घर आहे आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस इथे काढलेत, तर कायदा तुम्हाला इथले रहिवासी धरतो. तुम्ही दुसरं दार लावून घेतलंत. पहिलं उघडंच आहे.

काका: म्हणजे दिवस मोजण्याची एवढी खटपट फुकट?

पुतणी: डोमिसाइल खरोखर टॅम्पाला गेलं असेल तर फुकट नाही. मग हे घर ठेवूनही तुम्ही अनिवासी राहाल, फक्त दिवस सांभाळायचे. पण डोमिसाइल जर्सीचंच असेल तर तुमचा आकडा १८३ नाही, ३० आहे. जर्सीत कायमचं घर नको, जर्सीबाहेर कायमचं घर हवं आणि वर्षभरात जर्सीत ३० दिवसांहून जास्त राहायचं नाही. तिन्ही अटी एकाच वर्षी पाळल्या, तरच जर्सीचा माणूस अनिवासी ठरतो. तुमची तर पहिलीच अट मोडते. आपण आत्ता बसलोय कुठे?

या एका गैरसमजापायी शहाणीसुरती माणसं अडचणीत येतात, म्हणून इथे थांबून सांगतो. १८३ हा आकडा लक्षात ठेवायला सोपा, मोजायला सोपा. म्हणून तोच तोंडोतोंडी पसरला. डोमिसाइल मोजता येत नाही, म्हणून ते मागे पडलं. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. आधी डोमिसाइल, मग दिवस.

काका: बरं. पण माझं डोमिसाइल बदललं की नाही हे ठरवणार कोण? माझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक. मी ड्रायव्हिंग लायसन्स बदललं, टॅम्पात मतदार म्हणून नाव घातलं, काउंटीच्या क्लार्ककडे जाऊन डोमिसाइलचं शपथपत्रसुद्धा नोंदवलं. फ्लोरिडाच्या कायद्यातच तशी सोय आहे.

पुतणी: ते सगळं करायलाच हवं होतं, आणि केलंत ते बरं झालं. पण ते दोन दिवसांत उरकतं, हे ऑडिटरलाही ठाऊक असतं. न्यू यॉर्कच्या कर खात्याची ऑडिटरांसाठी मार्गदर्शिका आहे. तिच्यात पाच गोष्टी आधी बघतात. दोन्ही घरं कशी आहेत, कामधंदा कुठून चालतो, वेळ कुठे जातो, जिवाभावाच्या वस्तू कुठे आहेत आणि जवळची माणसं कुठे आहेत. लायसन्स आणि मतदार यादी त्यानंतर. न्यू जर्सी साधारण याच वळणाने जातं. डोमिसाइल बदललं असं म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं, आणि न्यू यॉर्कमध्ये तर पुरावा साधासुधा चालत नाही, स्पष्ट आणि खात्रीचा लागतो.

काका: जिवाभावाच्या वस्तू म्हणजे काय?

पुतणी: तुमचे देव कुठे आहेत?

काका काही बोलले नाहीत. उत्तर स्वयंपाकघरातून काकूंनी दिलं. “देव इथेच. सासूबाईंनी निघताना टाक माझ्या हातात दिले होते, ते असे उचलून नेता येतात का? तिकडे भिंतीवर फोटो आहे.” मग त्यांनीच पुढचं सांगितलं. गणपती दरवर्षी एडिसनलाच बसतो, कारण मुलगी आणि नातवंडं इथे. पुरणयंत्र इथे, लग्नाचा अल्बम इथे, बँकेतला लॉकर इथे. काकांचा हृदयाचा डॉक्टर आणि दाताचा डॉक्टर, दोघेही इथलेच. टॅम्पाच्या घरातलं सामान मात्र सगळं नवं, घर घेतलं त्याच आठवड्यात दुकानातून आलेलं.

पुतणी: काकू आत्ता जे बोलल्या, ते ऑडिटर दोन तासांत काढून घेतो.

काका: आणि हेच मला पटत नाही! देव कुठल्या कोनाड्यात आहेत यावरून सरकार टॅक्स ठरवणार? माझं घर कुठलं हे मी सांगायचं की एखाद्या ऑफिसातल्या माणसाने? न्यू यॉर्क सोडून डॅलसला गेलेल्या त्या बड्या कंपनीच्या अधिकाऱ्याची केस तूच मला सांगितली होतीस. त्याने आपला कुत्रा डॅलसला आणला, ती गोष्ट निकालात आली.

पुतणी: आली, आणि त्याच्या बाजूने आली. २०१७ चा निकाल. न्यायाधीशांनी म्हटलं की ज्याच्यावर इतका जीव आहे तो कुत्रा तिकडे नेला, याचा अर्थ माणूस मनाने तिकडे गेला. तपास खासगी गोष्टींपर्यंत जातो हे खरं. पण तो नेहमी माणसाच्या विरुद्धच जातो असं नाही.

काका: विरुद्ध गेला की काय होतं ते बघ. गिल्बर्ट हायट नावाचा संशोधक. १९९१ मध्ये कॅलिफोर्निया सोडून लास व्हेगासला गेला असं तो म्हणतो. कॅलिफोर्निया म्हणते, नाही, तू पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गेलास. वाद एवढ्या काही महिन्यांचा, कारण मधल्या काळात पेटंटचे पैसे आले. ऑडिटरने आपला कचरासुद्धा तपासला असा त्याने आरोप केला, नेवाडाच्या कोर्टात दावा लावला. तो दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तीनदा गेला. २००३, २०१६ आणि २०१९. माणसाची निम्मी हयात त्यात गेली. हे काय न्यायाने वागणं झालं?

पुतणी: नाही. त्याचं समर्थन मी करणार नाही.

काका: डेरेक जेटरला तरी कुठे सोडलं? यांकीज या बेसबॉल संघाचा तेव्हाचा कप्तान. तो म्हणे मी टॅम्पाचा. न्यू यॉर्क म्हणे, मॅनहॅटनमध्ये फ्लॅट घेतलास, आता तू आमचा. २००८ मध्ये तडजोड झाली.

पुतणी: जेटरचं प्रकरण मला न्यू यॉर्कच्या बाजूने थोडं समजतं. काका, दिवसांचा नियम आला कशामुळे ते बघा. १९२२ च्या सरकारी टिपणात त्याचं कारण स्पष्ट आहे. कोट्यधीश माणसं न्यू यॉर्कच्या घरात वर्षातले दहा-दहा महिने राहायची आणि मतदानापुरती दुसऱ्या राज्यात जाऊन आम्ही इथले नाहीच असं सांगायची. मनात काय आहे हे सिद्ध करता येईना, म्हणून दिवस मोजायला लागले. मी ऑडिटर असताना अशी माणसं समोर बघितली आहेत. फ्लोरिडाचं लायसन्स खिशात, आणि क्रेडिट कार्डाच्या बिलात वर्षभर इथलंच किराणा दुकान, इथलाच पेट्रोल पंप, टोलच्या नोंदी इथल्याच. याच गल्लीतली शाळेतली बाई आहे ना, तिला एकच घर. पगार झाला की कर कापून येतो. तिला राज्य निवडायला मिळतं का? ज्याला दोन घरं परवडतात त्याने नुसतं म्हटलं म्हणून त्याचा कर माफ करायचा, तर तो भार कुणावर पडेल?

काका: मी भार टाकत नाहीये कुणावर. चाळीस वर्षं इथे टॅक्स भरला. या घराचा प्रॉपर्टी टॅक्स आजही भरतो, आणि तो किती असतो ते तुला माहीत आहे.

पुतणी: माहीत आहे. पण न्यू जर्सीचा आयकर १९७६ मध्ये आला तोच मुळी प्रॉपर्टी टॅक्सचा बोजा उतरवण्यासाठी. तो पैसा त्याच कामासाठी वापरायचा हे राज्याच्या घटनेत लिहिलंय, आणि त्यातला मोठा भाग शाळांच्या अनुदानाला जातो. नातवंडं ज्या शाळेत जातात तिच्यासाठीच आहे तो.

इथे दोघांचं म्हणणं मला सारखंच खरं वाटलं असं मी म्हणणार नाही. शाळेतल्या बाईंचा मुद्दा काकांच्या कुठल्याही मुद्द्यापेक्षा जड आहे. राज्याने माणसाच्या शब्दावर न जाता वागण्यावर जावं, हे बरोबरच आहे. पण पुतणीच्या बाजूला एक मोठी उणीव आहे, आणि काकांनी पुढे बोट ठेवलं ते नेमकं तिथे.

काका: ठीक आहे. लबाडी करणाऱ्याला पकडा. पण ज्याने लबाडी केलीच नाही त्याचं काय? स्टेटन आयलंडच्या त्या माणसाचं सांग.

पुतणी: तो न्यू जर्सीत राहायचा, धंदा न्यू यॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवर. तिथे त्याने एक इमारत घेतली. एका भागात आईवडील राहायचे, बाकीचे भाडेकरू. त्याचं स्वतःचं तिथे काहीच नव्हतं, कपडेसुद्धा नाहीत. कधीमधी वडिलांच्या आजारपणात सोफ्यावर झोपला असेल तेवढंच. खात्याने म्हटलं, घर तुझ्या मालकीचं आहे, दिवस १८३ च्या वर आहेत, तू आमचा रहिवासी. २००१ ते २००३ या तीन वर्षांचा अडीच लाख डॉलरांहून जास्त कर लावला. शेवटी २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं की घर नुसतं असून भागत नाही, माणूस स्वतः ते राहण्यासाठी वापरतो का ते बघितलं पाहिजे.

काका: २००३ चा कर, न्याय २०१४ मध्ये.

पुतणी: दुसरी केस अशीच. न्यू जर्सीचं जोडपं. नवरा नोकरीला रोज मॅनहॅटनमध्ये, म्हणजे न्यू यॉर्कमधले दिवस आपोआप १८३ च्या वर. तिथे दिवसाचा थोडा भाग काढला तरी पूर्ण दिवस धरतात. फक्त विमान बदलायला उतरलात किंवा हॉस्पिटलात भरती असलात, तर तो दिवस सुटतो. आता या जोडप्याचं सुट्टीचं एक घर न्यू यॉर्क राज्याच्या उत्तरेला, ऑफिसपासून चार तासांहून लांब. वर्षाला दोन-तीन आठवडे जायचे तिथे. खात्याने दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. दिवस मॅनहॅटनचे, घर डोंगरातलं, मिळून रहिवासी. पाच लाख डॉलरांच्या वर कर. २०१२-१३ च्या कराचा निकाल २०२२ मध्ये त्यांच्या बाजूने लागला.

काका: आणि यांना ठाऊकच नव्हतं की डोंगरातल्या एका घरामुळे आपण न्यू यॉर्कचे होतो.

पुतणी: बहुतेकांना ठाऊक नसतं. जर्सीत राहून मॅनहॅटनला नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना मी हेच सांगते. न्यू यॉर्क राज्यात कुठेही घर घेण्याआधी, अगदी आठवड्याच्या सुट्टीपुरतं असलं तरी, आधी विचारा. न्यू जर्सी निदान फक्त सुट्टीपुरत्या घराला कायमचं घर धरत नाही.

काका: अगं पण खरा अन्याय तो नाही. खरा अन्याय हा की दोन राज्यं एकदम म्हणू शकतात, हा आमचा. कॅम्डेनच्या कॅम्बेल सूपचे डोरन्स. मी लायब्ररीत वाचलं त्यांच्याबद्दल. कंपनीचे अध्यक्ष, १९३० मध्ये वारले. जुनं घर इथे सिनामिन्सनला, नवा वाडा पेनसिल्व्हेनियात रॅडनरला. डोमिसाइल न्यू जर्सीचंच राहावं म्हणून त्यांनी जाणूनबुजून काळजी घेतली होती. तरी पेनसिल्व्हेनियाच्या कोर्टाने म्हटलं, आमचे. न्यू जर्सीच्या कोर्टाने म्हटलं, आमचे. वारसा कर दोन्हीकडे भरावा लागला, दोन्हीकडे कोट्यवधी डॉलर. आणि सर्वोच्च न्यायालयाने हात घातला नाही. डोमिसाइल एका वेळी एकच असतं असं आत्ता तूच म्हणालीस ना? मग एका माणसाचे दोन कसे झाले?

पुतणी: कायदा एकच आहे, पण तो लावणारी कोर्टं दोन आहेत. एका राज्याच्या कोर्टाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्या राज्यावर बंधनकारक होत नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही, काका. उलट याहून विचित्र गोष्ट मी सांगते. सहा वर्षांनी, १९३६ मध्ये, कर्नल एडवर्ड ग्रीन वारले. हेटी ग्रीन या गाजलेल्या धनाढ्य बाईंचा मुलगा. टेक्सासमध्ये बरीच वर्षं काढलेली आणि आपण टेक्सासचेच असं त्यांचं म्हणणं. मॅसॅच्युसेट्समध्ये समुद्रकाठी मोठा वाडा. फ्लोरिडात मायामीजवळ घर. न्यू यॉर्कमध्ये जागा. चारही राज्यांनी सांगितलं, हे आमचे. ते प्रकरण मात्र सर्वोच्च न्यायालयाने ऐकलं. का, माहीत आहे?

काका: का?

पुतणी: कारण चारही राज्यांची आणि केंद्राची मागणी मिळून सगळी मालमत्ता संपली असती, तरी पुरली नसती. एका राज्याचा पैसा बुडण्याची भीती होती, म्हणजे तो राज्याराज्यांमधला तंटा ठरला. १९३९ मध्ये निकाल लागला, डोमिसाइल मॅसॅच्युसेट्सचं. डोरन्स यांच्याकडे दोन्ही राज्यांना पुरतील एवढे पैसे होते.

काका: म्हणजे मालमत्ता पुरत असेल तर दोनदा घ्यायला हरकत नाही?

पुतणी: परिणाम तोच झाला.

यावर दोघांचंही काही काळ बोलणं थांबलं, आणि ते साहजिक आहे. दोन्ही प्रकरणं वारसा कराची होती. न्यू जर्सीत आता मुलांकडे जाणाऱ्या वारशावर तो कर नाही. पण आयकरात आजही तेच दुखणं आहे, हे पुतणीनेच पुढे सांगितलं.

पुतणी: पगाराचं बहुतेक जमून जातं. न्यू यॉर्कमध्ये कमावलेल्या पगारावर न्यू यॉर्कने कर घेतला की न्यू जर्सी त्याची वजावट देते. अडचण व्याज, लाभांश आणि शेअरच्या नफ्याची. हे उत्पन्न कुठल्या राज्यात झालं असं म्हणता येत नाही, ते माणसाच्या मागे जातं. न्यू जर्सीचं एक जोडपं, मॅनहॅटनमध्ये फ्लॅट आणि तिथेच नोकरी, म्हणून न्यू यॉर्कचेही रहिवासी. त्याच लाभांशावर न्यू जर्सीने डोमिसाइल म्हणून कर घेतला आणि न्यू यॉर्कने दिवस म्हणून. वजावट कुणीच दिली नाही. १९९८ मध्ये न्यू यॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने ते वैध ठरवलं. २०१५ मध्ये मेरीलँडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दुहेरी कराविरुद्ध निकाल दिला, तेव्हा आम्हा वकिलांना वाटलं की आता हेही सुटेल. सुटलं नाही. कनेक्टिकटच्या लोकांनी न्यू यॉर्कविरुद्ध लढून पाहिलं, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची प्रकरणं ऐकायला नकार दिला.

काका: मग आमच्या भारतातल्या व्याजाचं बरं म्हणायचं! तिथे करार तरी आहे.

पुतणी: अगदी. भारत आणि अमेरिकेचा करार १९८९ चा. एकच माणूस दोन्ही देशांच्या कायद्याने रहिवासी ठरला, तर काय करायचं ते त्यात ओळीने दिलंय. कायमचं घर कुठे आहे ते बघा. दोन्हीकडे असेल तर वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त जवळचे ते बघा. त्यातून कळलं नाही तर राहण्याची सवय कुठली, मग नागरिकत्व, आणि तरीही अडलं तर दोन सरकारांनी आपसात बसून ठरवायचं. उत्तर एकच निघतं. पण तो करार केंद्राच्या कराचा आहे. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क यांना असं काही लागू नाही.

काका: मग मी आता काय करू ते सांग.

पुतणी: आधी एक विचारते. गेल्या वर्षी जर्सीची अँकर सवलत घेतलीत?

काका: घेतली. प्रॉपर्टी टॅक्सवर मिळते ती. सगळेच घेतात.

पुतणी: ती मुख्य राहतं घर असेल तरच मिळते. आणि टॅम्पात होमस्टेडची सवलत?

काका: ती घराच्या व्यवहाराच्या वेळीच एजंटने भरून दिली.

पुतणी: तीही कायमच्या घरालाच मिळते. म्हणजे एका राज्याला तुम्ही लिहून दिलंत की मुख्य घर एडिसनचं, आणि दुसऱ्याला लिहून दिलंत की टॅम्पाचं. दोन्हीखाली तुमची सही. देव कुठे आहेत हे विचारायचीही गरज उरली नाही. शिवाय होमस्टेड चुकीची घेतली असं ठरलं तर फ्लोरिडा दहा वर्षं मागे जाऊन कर वसूल करतं, वर ५० टक्के दंड आणि व्याज. उद्याच बसून यातली एक सोडा, आणि चुकीने घेतलेली परत करा.

काका: आणि शेअर?

पुतणी: तुम्हाला खरोखर तिकडे जायचंय का, हे काकूंशी बोलून ठरवा. जायचं असेल तर मग पूर्ण जा. देव न्या, गणपती तिकडे बसवा, डॉक्टर तिकडचे करा, लॉकर हलवा. हे घर ठेवायचं असेल तर ठेवा, पण ते मुलीकडे येण्यापुरतं राहू द्या आणि दिवसांची वही लिहा. ते सगळं झाल्यावर शेअर विका. पेन्शनची काळजी नको. १९९६ च्या केंद्राच्या कायद्याने, अनिवासी झालेल्या माणसाच्या निवृत्तिवेतनावर जुन्या राज्याला कर लावता येत नाही. आणि जायचं नसेल, तर जर्सीचा कर भरून टाका.

काका: देव हलणार नाहीत. ती ऐकायची नाही.

पुतणी: मग तुमचं डोमिसाइल कुठलं ते तुम्हीच सांगितलंत.

काकांचं प्रकरण इथे मिटलं. त्यांनी जर्सीचे रहिवासी म्हणून विवरणपत्र भरायचं ठरवलं, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. त्यांचं घर एडिसनला आहे हे त्यांनाही मनातून ठाऊक होतं. राज्याने देव, नातवंडं आणि डॉक्टर यांची चौकशी करणं कुणालाही नकोसं वाटेल. पण ती केल्याशिवाय कागद रंगवणारा आणि खरोखर स्थलांतर केलेला यांच्यात फरक करता येत नाही.

काकांनी ज्या अन्यायावर बोट ठेवलं तो मात्र शिल्लक आहे. एका माणसाला दोन राज्यांनी एकाच वर्षी पूर्ण रहिवासी ठरवावं, त्याच व्याजावर आणि लाभांशावर दोघांनी कर घ्यावा आणि दाद मागायला जागा नसावी, याला कुठल्याही सरकारकडे समर्थन नाही. राज्याराज्यांतल्या व्यापाराबद्दल कायदा करण्याचा अधिकार अमेरिकेच्या काँग्रेसला आहे. तो वापरून भारत-अमेरिका करारासारखा क्रम राज्यांसाठी घालून देता येईल, किंवा शेजारची राज्यं निदान एकमेकांना वजावट देण्याचं आपसात ठरवू शकतील. दोन्ही झालेलं नाही.

न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कनेक्टिकटमधल्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे. निवृत्तांसाठी करविषयक सल्ल्याची सत्रं तुम्ही घेताच. त्यांत १८३ च्या आधी डोमिसाइल समजावून सांगा, दोन राज्यांत सवलतींचे कोणते अर्ज एकमेकांविरुद्ध जातात ते सांगा, आणि दुहेरी रहिवासाची ही मागणी आपापल्या लोकप्रतिनिधींकडे लेखी पाठवा.